सेकंडहँड सुपर्ब घेण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. २०१४ची स्कोडा सुपर्ब, १.८ पेट्रोल, ऑटोमॅटिक, एमएच १२ पासिंग, मागणी सव्वासहा लाख. तुझ्याकडे सगळे मिळून साडेसहा. आईबाबांना पुण्याहून कोल्हापूरला आरामात नेता यावं म्हणून मोठी गाडी हवी, हे मला पूर्ण पटलं. हिशोब मात्र अजिबात पटला नाही.

नवी असताना ही गाडी वीस-पंचवीस लाखांची होती. आज ती सहात येते, कारण लोकांना उंच एसयूव्ही हवी आहे आणि मोठ्या सेडानला, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बुटक्या गाडीला, गिऱ्हाईकच उरलेलं नाही. होंडाची अकॉर्ड, फोक्सवॅगनची पसाट, टोयोटाची अल्टिस या तसल्याच सेडान २०२०च्या आसपास बंद झाल्या. सुपर्ब २०२३मध्ये गेली आणि २०२४मध्ये परत आली तीही आयात केलेल्या शंभर गाड्यांपुरती, ५४ लाखांना. भाव पडला तो फक्त गाडीचा. तिचे शॉकर, लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं अजून पंचवीस लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतं, आणि गाडी बंद झाल्यावर काही भाग तर मागवून वाट बघावी लागते. सव्वासहा मोजून पंचवीस हजार हातात ठेवलेस तर पहिल्या बिलालाच कर्ज काढशील. साडेसहातले दीड लाख आत्ताच बाजूला काढ, गाडी पाचापर्यंतची बघ. घेतल्या घेतल्या सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड, बॅटरी आणि बहुधा टायर बदलावे लागतील. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही छान दिसो, सहा-सात वर्षांचं रबर एक्स्प्रेसवेवर नको.

आता गिअरबॉक्स. दुसऱ्या पिढीच्या या सुपर्बच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, कोरड्या क्लचचा, म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेले नसतात. चालवायला लोण्यासारखा, पण पुण्याच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापतात, आणि मेकॅट्रॉनिक नावाचा त्याचा मेंदू गेला तर बिल लाखावर जातं. या गिअरबॉक्सची झेप किती, ते पुढच्या पिढीत कंपनीनेच दाखवून दिलं. २०१६च्या सुपर्बमध्ये तेच १.८ इंजिन मॅन्युअलला ३२० न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद) द्यायचं, ऑटोमॅटिकला मात्र २५०वर आवरून ठेवलं होतं. सुपर्बच हवी असेल तर मॅन्युअल शोध. नाहीतर २.० डिझेल ऑटोमॅटिक. तिचा सहा गिअरचा डीएसजी ऑइलमध्ये चालतो आणि पुष्कळ दणकट आहे, फक्त त्याचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदलल्याचं बिल हातात घेऊन बघ.

हीच गाडी बघायला जाणार असशील तर मालकाला आदल्या दिवशी सांग, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं धर. थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखड आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, संशयित आहे. हे इंजिन ऑइल पितं अशी जुनी तक्रार आहे, म्हणून दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल किती टाकलं ते बिलांवरून विचार. मालक तुला बायपासला नेईल. तिथे सगळ्याच गाड्या गुणी वाटतात. तू संध्याकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत घाल. पहिल्या-दुसऱ्या गिअरात थरथर, रिव्हर्स टाकताना धक्का, डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकणं, यातलं एकही दिसलं तर नमस्कार करून परत ये. सगळं ठीक वाटलं तरी याच गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजात नेऊन स्कॅनर लाव आणि रॅम्पवर चढवून खालून बघ. मालक याला नाही म्हणाला तर तेच उत्तर समज.

माझा जन्म विम्याच्या सर्व्हेत गेला, त्यामुळे पुराच्या गाडीबद्दल जरा जास्त बोलतो. २०१९ला कोल्हापूर-सांगली, २०२१ला चिपळूण-महाड, अशा पुरांत बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या टोटल लॉस (दुरुस्ती न परवडणाऱ्या) म्हणून लिलावात काढतात, आणि त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. नवी कोरी सीट कव्हरं आणि आत उग्र सेंट असला की मी सावध होतो. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. गाळाची रेघ पट्ट्याच्या शेवटच्या वीतभरात राहते, तिथे धुणारा सहसा पोचत नाही. सीटखालचे रूळ आणि स्क्रू मोबाइलच्या उजेडात बघ. डिकीतला कार्पेट उचल, स्टेपनी बाहेर काढ आणि त्या खळग्यात बोट फिरव. गंज किंवा वाळलेली माती लागली तर पुढचं काही बघू नकोस.

या सगळ्याच्या आधी एक काम कर. आईबाबांना घेऊन जा आणि मागच्या सीटवर तीनदा बसव-उठव. सुपर्बमध्ये पाय पसरायला राजवाड्याएवढी जागा आहे, पण सेडान खाली असते. बाबांच्या गुडघ्यांना बसणं नव्हे, उठणं जड जातं. ते कुरकुरले तर अल्टिस बघ. २०१४नंतरच्या अल्टिसमध्ये मागे पायाखाली जमीन जवळपास सपाट आहे, मधे बसणाऱ्याचेही हाल होत नाहीत, १.८ पेट्रोल इंजिन कटकटीचं नाही. दिमाख कमी, पण मला विचारशील तर माझं मत अल्टिसला. जुनी अकॉर्ड प्रेमात पडावी अशी आहे, तिचा पाच गिअरचा ऑटोमॅटिकही साधा नि भरवशाचा. पण चार माणसं बसली की सोसायटीच्या रॅम्पवर पोट घासतं. पार्किंगची लांबीही मोजून घे. सुपर्ब ४.८३ मीटर आहे. तुमच्याकडे मेकॅनिकल पार्किंग असेल तर वॉचमनला नव्हे, चेअरमनला विचार.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी कोणी दाखवली तर भुलू नकोस. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे त्या इकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रस्ता कर धरला की स्वस्ताई संपते. २०१४च्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२९पर्यंत; पुढे पाच-पाच वर्षांसाठी फिटनेस आणि हरित कर. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यासाठी ही गाडी बनलेली नाही. इंधनाच्या रबरी नळ्या तपासायच्या यादीत टाक.

कागदांत आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या तुझ्यासमोर. ई-चलनं मालकाकडून आधी भरून घे. विमा चौदा दिवसांत नावावर करून घे. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) मालकाचा असतो, तो तुला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक धरून चाल. एजंट म्हणेल, ट्रान्सफर नंतर करू. तसं म्हणाला तर दहा-वीस हजारांची रक्कम गाडी तुझ्या नावावर होईपर्यंत अडकवून ठेव.

गाडी बघायला जाशील तेव्हा थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ आवाजासकट पाठव. रविवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, गॅरेजला येईन.

तुझा,
काका