पुण्यातल्या गाड्या आणि स्वतःचं घर एका चित्रात कसं आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझाइन शिकताय, परदेशी कार-पोस्टर बघून तशी चित्रं काढता, पण सगळं उसनं वाटतं. पुण्यातल्या गाड्या आणि आपलं घराणं एका चित्रात आणायचंय, तर सुरुवात कुठून करू? आणि असलं काही विकलं जातं का?

आधी काय करू नका ते सांगतो. बजाजच्या चेतक स्कूटरवर वारली माणसं नाचवू नका आणि टेंपोच्या फाळक्यावर पैठणीचा मोर बसवू नका. मी दोन्ही करून बसलोय. आमच्या सात पिढ्यांत वारली कुणी काढली नाही. पैठणी आईकडे एकच, तीही कपाटाच्या तळाशी. ते चित्र बघून लोक 'छान' म्हणाले. पुण्यात नुसतं 'छान' म्हणाले की समजून जायचं.

माझे वडील नंबरप्लेट रंगवायचे. नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मधल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं टेबल होतं. टेबलावर ऑइलपेंटचे दोन डबे, काळा आणि पांढरा, आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं. हे आपल्या चित्रात यायला हवं, असं मला बरीच वर्षं सुचलंच नाही. मग एकदा मी चेतक मागच्या बाजूने काढली. स्टेपनी, टेललाइट, खाली नंबरप्लेट. नंबर कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये टाकला. बाबांनी चष्मा लावून पाहिलं.

"स्कूटर बरी आहे. हा चार कुणी काढला?"

"फॉन्ट आहे, बाबा."

"पडेल तो. पाय कुठेय त्याला?"

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि तासभर मला आकडे शिकवले. दोरा खडूच्या भुकटीत घोळून पत्र्यावर ताणून सोडायचा, की वरची-खालची रेघ उमटते. 'एक' अरुंद असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची जागा इतरांइतकी ठेवायची नाही, नाहीतर नंबराला दात पडल्यासारखं दिसतं. 'आठ'चं वरचं पोट खालच्यापेक्षा बारीक ठेवायचं. दोन्ही सारखी काढली तर वरचं मोठं दिसतं, डोकं जड झाल्यासारखं. कॉलेजात हेच मला टायपोग्राफीच्या तासाला जाड इंग्रजी पुस्तकातून शिकवलं होतं. घरचा माणूस ते रोज करत होता आणि मी फी भरत होतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नातलं 'घराणं' शोधायचं असेल तर घरात कुणाचा हात कशाला लागत होता ते बघा. कुणी आकुर्डीच्या कारखान्यात वेल्डिंग करत असेल, कुणी रिक्षाचे हूड शिवत असेल, कुणी नुसतंच दर खंडेनवमीला स्कूटर धुऊन तिला झेंडूची माळ घालत असेल. ती माळ हेडलाइटच्या गळ्यात कशी लोंबते, हँडलला आपट्याची पानं कुठे खोचतात, हे तुम्हाला न बघता काढता आलं पाहिजे. कंपनीने बनवलेली गाडी जगात सगळीकडे सारखीच असते. मालकाने तिच्यावर जे चढवलं ते आपल्या गावचं असतं.

पण गाडीही नीट बघा. जुन्या चेतकचं इंजिन मधोमध नाही, उजव्या फुगीर बाजूत आहे. मागून काढताना ती अगदी सरळ उभी केलीत तर खेळण्यासारखी दिसते. वजन किंचित उजवीकडे जाऊ द्या. काळाचंही भान ठेवा. चेतक १९७२ मध्ये आली, पण नंबरप्लेटवर पुण्याचं 'एमएच १२' लिहायची पद्धत १९८९ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या स्कूटरवर एमएच १२ काढलंत तर पेठेतला एखादा काका प्रदर्शनात येऊन सगळ्यांसमोर सांगेल. जुन्या खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी, हेही विसरू नका. आणि कुणाचा चालू नंबर चित्रात घालू नका. शेवटी ०००० टाका, तो नंबर कुणाला मिळतच नाही.

टेंपोबद्दल दोन वाक्यं, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. 'टेंपो' हे मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. तिच्या सहकार्याने बजाज टेंपोने इथे तीनचाकी बनवली, पुढे कारखाना आकुर्डीला आला, आणि आपण मालाच्या कुठल्याही छोट्या गाडीला टेंपो म्हणू लागलो. त्या तीनचाकीला लोक डुक्कर म्हणायचे. तिचं नाकाड एकदा कागदावर काढून बघा, दुसरं नाव सुचणार नाही.

बाबांच्या धंद्याचं म्हणाल, तर आधी रेडियमवाले आले. ४१४१ चं 'दादा' करून मागणारी पोरं तिकडे गेली. (बाबा अशी प्लेट करून द्यायचे, पण वर बजावायचे, पोलिसांनी धरलं तर माझं नाव सांगायचं नाही.) मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट आली. ॲल्युमिनियमची, अशोकचक्राच्या होलोग्रामची, लेझरने कोरलेल्या क्रमांकाची. चोरीची गाडी सापडायला सोपी जाते, त्यामुळे तक्रार नाही. टेबल मात्र आता आमच्या गॅलरीत आहे आणि त्यावर तुळस आहे.

विकलं जातं का? जातं. चेतक सगळ्यात जास्त, रिक्षा त्याखालोखाल, डुक्कर फक्त मला आवडतं. पहिले काही प्रिंट गेल्यावर एका बाईंचा फोन आला, "त्यावर आमच्या वडिलांच्या स्कूटरचा नंबर घालून मिळेल का? स्कूटर कधीच भंगारात गेली." तेव्हापासून प्रिंटमध्ये मी पाटी कोरी काळी ठेवतो आणि ऑर्डर आली की नंबर हाताने घालतो. म्हणजे मी घालायचो. आता बाबा घालतात. एका पाटीचे ते माझ्याकडून पन्नास रुपये घेतात, उधारी नाही. मी एकदा म्हटलं, साधे नंबर तरी मला करू द्या. ते म्हणाले, कर की, पण आठ असला तर माझ्याकडे आण.