पेन्शन तिकडे, खर्च इकडे

प्रश्न: निवृत्तीनंतर परदेशात राहतो. पेन्शन मायदेशातल्या खात्यात जमा होते. दरमहा ठरावीक रक्कम आपोआप इकडे यावी अशी सोय होते का? सध्या मी स्वतः पाठवतो, तर दर वेळी वेगळीच रक्कम हातात पडते.

उत्तर: बऱ्याच बँका अशी स्थायी सूचना घेतात. तारीख मात्र पेन्शनच्याच दिवसाची देऊ नका, चार दिवस पुढची द्या. मध्ये सुट्टी आली आणि शिल्लक नसली, तर व्यवहार होतच नाही.

रक्कम बदलते ती काही अंशी विनिमय दरामुळे. बाकीची कात्री वाटेत लागते. स्विफ्ट ही बँकांना एकमेकींशी जोडणारी यंत्रणा; ती पैसे नेत नाही, फक्त निरोप नेते. पैसे मधल्या बँकांच्या खात्यांतून सरकतात आणि त्या आपलं शुल्क कापून घेतात. फॉर्मवर शुल्क कोण भरणार असा रकाना असतो. तिथे ‘एसएचए’ असेल तर ही कपात तुमच्या रकमेतून होते. ‘ओयूआर’ निवडलं तर पाठवणारा, म्हणजे इथे तुम्हीच, ते वेगळं भरतो आणि रक्कम कापली जात नाही. घरभाडं नेमकं पोचायचं असेल तर ओयूआर घ्या.

‘शून्य कमिशन’ म्हटलं की मी आधी दर बघतो. कमाई तिथेच दडलेली असते. त्याच वेळचा बाजारातला मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा, शेजारी ठेवून पाहा.

आणि हो, मायदेशातला मोबाईल नंबर इतक्यात बंद करू नका. सूचना बदलायची म्हटली की ओटीपी बहुधा त्याच नंबरवर जातो.