रिपोर्ट नॉर्मल आला, मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर?

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील ७६ वर्षांचे आहेत, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० रोज घ्यायचे. मागच्या महिन्यात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६२ आलं तर म्हणाले झालं आता नॉर्मल, त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलं की ह्या गोळीने पाय गळतात, म्हणून तीन आठवडे गोळी बंदच. पोटऱ्या दुखायच्या हेही खरंय. ह्या वयात खरंच गरज आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, आधी उद्याच त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करून गोळी बंद केल्याचं सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. ६२ हा आकडा गोळीमुळेच आलाय, गोळी बंद झाली की काही आठवड्यांत तो परत चढतो. बीपीच्या गोळीचं हे लोकांना पटतं, कोलेस्टेरॉलचं का कोण जाणे पटत नाही.

आणि गोष्ट नुसत्या आकड्याची नाहीये. रक्तवाहिनीला आतून एका पेशीएवढं पातळ अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं आणि त्याने नळी सैल होते, जिना चढताना जास्त रक्त लागलं की रुंद होते (ह्याच शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं). वय वाढलं की हा वायू कमी पडतो, नळ्या कडक होतात, वरून एलडीएल अस्तराखाली शिरलं की सूज येऊन थर साचतो आणि तो थर फुटून वर गुठळी झाली की अटॅक. स्टॅटिन (अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ह्याच गटातली गोळी) लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं, शिवाय अस्तराचं हे काम सुधारतं आणि थर सहजासहजी फुटत नाही. अँजिओप्लास्टीत स्टेन्ट (नळी उघडी ठेवणारी जाळी) एकाच जागी बसवलाय हो, बाकीच्या नळ्यांसाठी गोळीच आहे.

वयाचं म्हणाल तर २००२ साली ७० ते ८२ वयाच्या ५८०४ लोकांवरचा प्रॉस्पर नावाचा अभ्यास आला, त्यात प्रॅव्हास्टॅटिन (हेही एक स्टॅटिन) घेणाऱ्यांमध्ये हार्टचे झटके आणि हार्टमुळे होणारे मृत्यू कमी झाले. पंचाहत्तरीनंतर, हार्टचा काहीच त्रास नसताना गोळी नव्याने सुरू करायची का, हा प्रश्न वेगळा, तिथे डॉक्टरांमध्येही एकमत नाही. पण तुमच्या वडिलांना स्टेन्ट आहे, त्यांना गोळी लागणारच.

आता पोटऱ्या. त्रास खोटा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण लंडनमध्ये, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के औषध नसलेल्या गोळीनेही झाला, म्हणजे भीतीसुद्धा खरोखर दुखवते. म्हणून त्यांना रागावू नका. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्या, थायरॉइड कमी असेल तर स्नायू जास्त दुखतात. डॉक्टर डोस कमी करून सोबत इझेटिमाइब (कोलेस्टेरॉलचीच वेगळ्या प्रकारची गोळी) देऊ शकतात किंवा रोसुव्हास्टॅटिन ह्या दुसऱ्या स्टॅटिनवर बदलू शकतात. लघवी चहासारखी गडद झाली किंवा खुर्चीतून उठताच येईना तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अजून एक, खोकला-तापासाठी दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांकडे गेलात तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने ह्या गोळीचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं.