तू फक्त उभा होतास

प्रिय बेटा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्यासमोर जमावानं एका माणसाला मारलं, त्याबद्दल तू लिहिलंस, "मी हात लावला नाही, फक्त उभा होतो. तरी झोप येत नाही." झोप येत नाही, याचा मला दिलासा वाटला.

राईनपाडा तुला आठवत नसेल, लहान होतास. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी आली, ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच घरोघर पोचलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना जीव जाईपर्यंत मारलं, आणि कुणीतरी त्याचं शूटिंग करत होतं. मारणाऱ्यांइतकाच मी त्या मोबाइल धरलेल्या हाताचा विचार करतो. मारणाऱ्याच्या मनात निदान भीती होती, खोटी का होईना. त्या हातामागे काय होतं?

हे एका गावाच्या माथी मारून आपण सुटत नाही. फिरस्ता दिसला की चोर समजायची सवय जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाबाहेर पालं पडली की आजही आपल्या घरातली माणसं पोरांना आत बोलावतात. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात, तेव्हा बोट दाखवणारे दोन-चारच असतात. बाकीचं गाव मान खाली घालतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण खटला उभा राहायला साक्षीदार लागतो.

पुन्हा असं दिसलं तर गर्दीत एकटा घुसू नकोस, जीव सांभाळ. बाजूला होऊन ११२ लाव. मग गर्दीत ओळखीचा चेहरा शोध आणि त्याला नावानं हाक मार. नाव ऐकलं की माणूस भानावर येतो, हे मी पाहिलंय. आपल्या बोलीत सांग, "थांब भाऊ, पोलीसले फोन करेल शे." एवढ्यानं दोन हात थांबले तरी पुष्कळ.

आता त्या मार खाल्लेल्या माणसाचं. तो दवाखान्यात असेल तर भेटून ये. नाव विचार, घरच्यांना कळवलंय का ते बघ. मोबाइलमधला व्हिडिओ मित्रांना पाठवू नकोस, पुसूही नकोस. तपास करणाऱ्यांना दे. घरचे म्हणतील, कशाला भानगडीत पडतोस. त्यांच्याशी भांडू नकोस, माझ्याशी बोलायला सांग. जबाब द्यायचा दिवस ठरला की फोन कर. धुळ्याहून सकाळची गाडी धरून मी येतो, पोलीस ठाण्यात सोबत बसेन.

तुझा,
सर