वाचकांचे प्रश्न : शेजारच्या देशात गेलं की फोन एवढा महाग का होतो?

गेल्या अंकात इंटरनॅशनल रोमिंग पॅक कसा निवडायचा यावर एक छोटी टीप दिली होती. त्यावर आलेली पत्रं वाचली तर बऱ्याच जणांना पॅकमध्ये रसच नाहीये, त्यांचं म्हणणं आहे की शेजारच्या देशात गेल्यावर एवढे पैसे मुळात लागतातच का. प्रश्न एकदम बरोबर आहे, म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय.

प्र. माझा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे. नैरोबी (केनिया), कंपाला (युगांडा) आणि किगाली (रवांडा) असा दौरा ठरलाय. तिथला एजंट म्हणतो नैरोबीतच सिम घ्या, तिन्हीकडे चालेल आणि इनकमिंगला पैसे पडणार नाहीत. तीन वेगळे देश, तीन वेगळी चलनं, मग हे जमतं कसं? – वाचक, इचलकरंजी

उ. एजंट बरोबर सांगतोय, फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही, ती पुढे येईलच. आधी पैसे कुठे जातात ते बघा. तुम्ही कंपालात बसून नैरोबीच्या सिमवरून फोन लावला की टॉवर वापरला जातो युगांडाच्या कंपनीचा, आणि ती कंपनी नंतर त्याचं बिल केनियाच्या कंपनीला लावते. हा दोन कंपन्यांमधला होलसेल रेट. वरून मर्यादा नसेल तर युगांडाची कंपनी तो वाट्टेल तेवढा लावू शकते कारण तुम्ही काही तिचे गिऱ्हाईक नाही, रेट बघून तुम्ही तिला निवडलेलंच नसतं. त्यावर केनियाची कंपनी स्वतःचं मार्जिन चढवते. आणि त्या भागातल्या काही सरकारांनी बाहेरून येणाऱ्या कॉलवर मिनिटामागे वेगळा सरचार्ज लावला होता, म्हणजे आपल्याकडे पूर्वी शहराच्या तोंडाशी जकात नाका असायचा तसाच प्रकार. तीन ठिकाणी भर पडत पडत मिनिटाचा भाव गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जायचा, टॉवर मात्र दोन्हीकडे तोच आणि टेक्नॉलॉजीही तीच.

मग २०१४ मध्ये या देशांनी ‘वन नेटवर्क एरिया’ नावाची व्यवस्था आणली. ऑक्टोबरात केनिया आणि रवांडाने सुरुवात केली, नंतर युगांडा आणि दक्षिण सुदान आले. ठरलं ते असं की कंपन्यांमधल्या होलसेल रेटला मिनिटाला ७ अमेरिकन सेंटची मर्यादा, गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त १० सेंट, रोमिंगवर असताना इनकमिंग फुकट, आणि या देशांच्या आपापसातल्या कॉलवर तो सरचार्ज घ्यायचा नाही. मला यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कंपन्यांना कॅप लावणं सरकारला त्यामानाने सोपं असतं, स्वतःच्या तिजोरीत येणारा पैसा सोडणं अवघड, आणि या सरकारांनी तो सोडला. त्यानंतर या देशांमधले कॉल कित्येक पटींनी वाढले, कारण माणसं, ट्रक, माल सगळं रोज इकडून तिकडे जातच होतं, फक्त फोन कोणी लावत नव्हतं.

याची सुरुवात खरं तर एका कंपनीने आधीच करून दाखवली होती. सेलटेलने २००६ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियात आपल्या गिऱ्हाइकांसाठी रोमिंगच काढून टाकलं, ज्या देशात असाल तिथलंच रिचार्ज कार्ड घ्यायचं आणि बोलायचं. सेलटेल पुढे झेन झाली, आणि २०१० मध्ये झेनचा आफ्रिकेतला बहुतेक धंदा आपल्या भारती एअरटेलने १०.७ अब्ज डॉलरला घेतला. त्यामुळे नैरोबीत तुम्हाला ओळखीचा लाल बोर्ड दिसेल.

आणि अजून मागे गेलात तर या देशांचं टेलिफोन खातं एकच होतं! केनिया, युगांडा, टांझानिया मिळून ईस्ट आफ्रिकन पोस्ट्स अँड टेलिकम्युनिकेशन्स कॉर्पोरेशन चालवायचे. १९७७ मध्ये या तीन देशांची जुनी संघटना, ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी, मोडली आणि हे खातंही तुटलं. पण खुणा राहिल्या, केनियातून युगांडाला फोन लावायला नेहमीच्या इंटरनॅशनल कोडऐवजी ००६ आणि टांझानियाला ००७ असा खास कोड आहे. म्हणजे २०१४ मध्ये जे झालं ते तुटलेलं परत सांधणं होतं, आणि त्याला जवळपास चाळीस वर्षं लागली.

२०१४ च्या या व्यवस्थेतून एक डोकेदुखी मात्र झाली. दुबईहून किंवा लंडनहून आलेल्या कॉलवर जास्त रेट मिळतो, म्हणून काही लोक तो कॉल शेजारच्या देशातून फिरवून, सिमबॉक्सवरून (एकाच वेळी बरीच सिम लावता येणारं यंत्र), आतल्याच कॉलसारखा दाखवतात. फरक जितका मोठा तितका चोरीचा मोह मोठा. तिथल्या नियामक संस्थांचा बराच वेळ हे शोधण्यात जातो.

आता ती राहिलेली गोष्ट. हा करार मुळात बोलण्यासाठी झाला, डेटासाठी नाही. तेव्हा सिम घेताना दुकानात स्पष्ट विचारा की कंपाला-किगालीत डेटाचा रेट काय, तुमचा सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर हे विचारल्याशिवाय निघूच नका. आणि दौऱ्यात टांझानिया वाढवलात तर तिथल्या रेटची वेगळी चौकशी करा, तो देश या व्यवस्थेत यायला बरीच वर्षं कचरत होता.

प्र. आमचं गाव कागल तालुक्यात, सीमेलगत. पूर्वी घरात बसल्या बसल्या फोन कर्नाटकच्या टॉवरला लागायचा आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. आता कापत नाहीत. हे कधी बदललं? – वाचक, कागल

उ. एका दिवसात नाही बदललं, दहाएक वर्षं लागली. देश एक असला तरी मोबाइलसाठी भारताचे २२ तुकडे केलेत, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही, तिचं सर्कल वेगळं. प्रत्येक सर्कलचं लायसन्स वेगळं, त्यामुळे तुमचा फोन निपाणीच्या टॉवरवर गेला की कंपनीच्या हिशोबात तुम्ही परगावी. मार्च २००६ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने ‘वन इंडिया’ प्लॅन आणला, देशात कुठेही एक रुपया मिनिट, तिथून एसटीडीची भीती गेली. रोमिंगचे कमाल दर ट्रायने, म्हणजे आपल्या टेलिकॉम नियामक संस्थेने, टप्प्याटप्प्याने खाली आणले, जुलै २०१५ पासून नंबर न बदलता देशभर कुठेही पोर्ट करता यायला लागलं, २०१६ ला जिओ फ्री रोमिंग घेऊन आलं आणि मग बाकीच्यांनाही रोमिंगचे पैसे सोडावे लागले. इथे सगळ्यांच्या वर एकच ट्राय होतं म्हणून हे झालं. दोन देशांमध्ये असं वर बसलेलं कोणी नसतं, सगळी अडचण तिथेच आहे.

प्र. मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला शिकते. फ्रान्समध्ये फोन वापरला तर जादा पैसे नाहीत, पण एक दिवस बाझेलला जाऊन आली आणि मोठं बिल आलं. शिवाय जर्मनीतून फ्रान्समधल्या मैत्रिणीला फोन केला त्याचेही वेगळे पैसे लागले. कंपनीने फसवलं का? – वाचक, पुणे

उ. फसवलं असं दिसत नाही, दोन्ही ठिकाणी नियमातली फट आहे. बाझेल स्वित्झर्लंडमध्ये आणि स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे १५ जून २०१७ पासून सुरू झालेला ‘घरच्यासारखं रोमिंग’ हा नियम तिथे लागू होत नाही. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन युनियनमध्ये नसूनही या नियमात आहेत, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. फ्रायबुर्गहून सीमा जवळ आहे, त्या बाजूला गेल्यावर फोन स्वतःहून स्विस टॉवर पकडू शकतो, तेव्हा तिला सांगा की तिकडे जाताना नेटवर्क मॅन्युअल ठेव आणि डेटा रोमिंग बंद कर. जहाजात आणि विमानातही सॅटेलाइटवरून नेटवर्क येतं, तेही या नियमाच्या बाहेर.

दुसरं, जर्मनीत बसून फ्रान्सला फोन करणं याला रोमिंग म्हणतच नाहीत, तो साधा आयएसडी कॉल. त्याला २०१९ च्या मे पासून मिनिटाला १९ युरो सेंट अधिक टॅक्स अशी कमाल मर्यादा आहे, पण तो फुकट नाही. म्हणजे तीच मुलगी फ्रान्समध्ये जाऊन जर्मन सिमवरून मैत्रिणीला फोन करेल तर प्लॅनमध्ये बसेल आणि जर्मनीतून केला तर पैसे पडतील. विचित्र वाटतं, पण आहे असं.

अजून एक सांगून ठेवतो. अनलिमिटेड प्लॅन असला तरी बाहेरच्या देशात डेटा अनलिमिटेड द्यायची सक्ती कंपनीवर नाही. हिशोब असा, प्लॅनची टॅक्स सोडून किंमत भागिले होलसेल कॅप, आणि येईल त्याच्या दुप्पट जीबी किमान द्यायचे. २०२६ साठी हा कॅप जीबीला १.१० युरो आहे, तर २२ युरोच्या प्लॅनवर निदान ४० जीबी मिळायला पाहिजेत. २०१७ ला हाच कॅप ७.७० युरो होता. टुरिस्ट येणारे दक्षिणेचे देश आणि टुरिस्ट पाठवणारे उत्तरेचे देश यांच्यात या आकड्यावरून भरपूर ओढाताण झाली, आणि ती साहजिक आहे, उन्हाळ्यात सगळा लोड ग्रीस-स्पेनच्या टॉवरवर येतो.

प्र. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मुलं विचारतात की आफ्रिकेत जमलं, युरोपात जमलं, मग सार्कमध्ये का नाही? – वाचक, सातारा

उ. मुलांचा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे. मुंबई-पुण्याच्या किती सोसायट्यांमध्ये वॉचमन नेपाळचे आहेत. भारत-नेपाळ सीमा खुली आहे, येऊन काम करायला व्हिसा लागत नाही, पण घरी साधा फोन लावला की तो आयएसडी. घरच्यांकडे व्हॉट्सअ‍ॅप असेल तर भागतं, म्हातारी आई साध्या फोनवाली असेल तर काय करायचं? सोय सगळ्यात जास्त ज्यांना पाहिजे त्यांच्याच बाजूने कोणी बोलत नाही.

सार्क ही दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना. तिची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली, त्यानंतर झालेलीच नाही. आठ जणांनी एका टेबलाशी बसायचं म्हटलं की भारत-पाकिस्तान प्रश्नावर गाडी अडते. उपग्रहाचंच बघा, आधी त्याचं नाव सार्क सॅटेलाइट होतं, पाकिस्तान बाहेर पडला म्हणून साउथ एशिया सॅटेलाइट झालं आणि ५ मे २०१७ ला श्रीहरिकोटाहून तो सोडला. खर्च भारताने केला, शेजाऱ्यांना ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून सिग्नल घेऊन परत पाठवणारी यंत्रं) दिले. चांगलं काम होतं, पण त्याने सामान्य माणसाचं फोनचं बिल एका पैशाने कमी झालं नाही, कारण बिल ठरतं होलसेल रेटवर आणि टॅक्सवर.

जिथे दोघांनीच बसून ठरवलं तिथे मात्र कामं झालीत. मार्च २०१६ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाझारच्या समुद्री केबलवरून आगरतळ्याला १० जीबीपीएस बँडविड्थ मिळायला लागली, त्याच दिवशी त्रिपुराहून १०० मेगावॉट वीज बांगलादेशला सुरू झाली. नकाशा फळ्यावर काढून दाखवा मुलांना. त्याआधी ईशान्येचं इंटरनेट सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून मुंबई-चेन्नईच्या केबलपर्यंत यायचं, इतक्या लांब, आणि वाटेत कुठे रस्त्याच्या कामात केबल तुटली की अख्खं राज्य अडकणार. समुद्र शेजाऱ्याच्या अंगणातून जवळ होता. युपीआयचंही तसंच, २०२१ ला भूतान, फेब्रुवारी २०२३ ला सिंगापूरच्या पेनाऊ या पेमेंट सिस्टिमशी जोडणी, २०२४ ला श्रीलंका आणि नेपाळमध्ये क्यूआर. पैशाचा हिशोब दोन देशांमध्ये रोजच्या रोज मिटवता येतो तर कॉलच्या मिनिटांचा मिटवणं त्याहून अवघड नाही.

माझं स्पष्ट मत आहे की सार्कची वाट बघत बसू नये. पूर्व आफ्रिकेतही सगळे एकदम आले नव्हते, केनिया आणि रवांडाने सुरू केलं, बाकीचे आपला फायदा बघून आले, जे तयार नव्हते त्यांच्यासाठी कोणी थांबलं नाही. आपल्याकडे ट्राय आणि नेपाळ टेलिकम्युनिकेशन्स ऑथॉरिटी यांनी इनकमिंग फुकट आणि मिनिटाला एक ठरलेला होलसेल रेट एवढ्या दोन गोष्टी ठरवल्या तरी सुरुवात होईल, भूतानला नंतर घेता येईल. ट्रायने २०२० मध्ये इंटरनॅशनल रोमिंगवर कन्सल्टेशन पेपर काढला होता. असे पेपर त्यांच्या वेबसाइटवर येतात आणि त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतं, अगदी कॉलेजचा वर्गसुद्धा. पुढचा पेपर निघाला की या कॉलममध्ये तारीख देईन, तोवर मुलांकडून नेपाळ-भारत कॉलचे सध्याचे रेट कंपनीवार काढून घ्या, मत पाठवताना तेच कामाला येतील.