जुन्या गाडीच्या प्लास्टिक भागांना रंग देण्यापूर्वी

रंगाचा डबा उघडण्याआधी प्रत्येक भाग सुटा करून त्याच्या मागील बाजूस कोरलेली अक्षरे पाहावीत. ती प्लास्टिकचा प्रकार सांगतात. एबीएस, म्हणजे एक कडक प्लास्टिक असेल तर साधा प्लास्टिक प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) सहसा पुरतो; पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल तर आधी अ‍ॅडहिजन प्रमोटरचा (रंग प्लास्टिकला धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा) पातळ थर द्यावाच लागतो, अन्यथा रंग कालांतराने पापुद्र्यासारखा सुटतो. जुन्या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षे चोळलेल्या पॉलिशमधील सिलिकोन हा खरा शत्रू आहे, कारण त्याचा अंश राहिला तर ओल्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. म्हणून घासकाम सुरू करण्यापूर्वीच भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. आधी घासल्यास सिलिकोन ओरखड्यांत खोलवर शिरते. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मात्र वापरू नये, एबीएस त्याने विरघळू लागते. गुळगुळीत भागांना ४०० ते ६०० नंबरचा पॉलिशपेपर योग्य ठरतो. दाणेदार पोत असलेल्या भागांवर तो फिरवू नये. तिथे मऊ स्कफ पॅड (घासण्याची जाळीदार गादी) घ्यावा आणि जाड रंगाऐवजी व्हिनाइल डाय (पोत न बुजवणारा पातळ रंग) वापरावा, असे माझे ठाम मत आहे. लवचिक बंपरच्या रंगात, तो वाकल्यावर तडे जाऊ नयेत म्हणून, फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह मिसळावे. थर पातळ द्यावेत. दोन थरांमधील अवधी डब्यावरील सूचनेप्रमाणे ठेवावा.