गाभण घोडीला विण्यापूर्वी लस द्यावी का?

अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली आपली घोडी नऊ महिन्यांची गाभण आहे आणि पूर्वीच्या लसींची नोंद मिळालेली नाही. आता लस टोचल्यास गर्भाला अपाय होईल का, आणि त्यापेक्षा शिंगरू जन्मल्यावर त्यालाच लस दिली तर चालणार नाही का, असे आपण विचारले आहे. सोलापूर भागात पशुवैद्यक म्हणून काम करताना ही शंका मला वारंवार ऐकू येते.

धनुर्वाताची लस गाभण घोडीला निर्धास्तपणे देता येते. शिंगराला देऊन मात्र भागणार नाही. घोडीच्या वारेची रचना अशी असते की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) गर्भापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. ती शिंगराला मिळतात केवळ चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून, आणि तीही पहिल्या काही तासांतच, कारण चोवीस तासांच्या आत त्याचे आतडे ती शोषून घेणे बंद करते. हा चीक गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत तयार होत असल्यामुळे, आधी लसीकरण झालेल्या घोडीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे वर्धक मात्रा (बूस्टर) देतात. नवजात शिंगराला टोचलेल्या लसीचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, तर धनुर्वाताचे जंतू तबेल्याच्या मातीत आणि लिदीत पहिल्या दिवसापासून असतात व ओल्या नाळेतून आत शिरतात. शिवाय या रोगाला घोड्याइतके बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर क्वचितच असेल.

आपल्या घोडीची नोंद नसल्याने तिला लस झालेलीच नाही असे धरावे. पहिली मात्रा आताच आणि दुसरी चार आठवड्यांनी द्यावी. घोडी साधारण ३४० दिवसांनी विते, त्यामुळे हिशेब जेमतेम बसतो. विकणाऱ्याने सांगितलेल्या तारखेवर विसंबून थांबू नये. बाटलीवर ‘टॉक्सॉइड’, म्हणजे धनुर्वाताची लस, असल्याची खात्री करावी. ‘अँटिटॉक्सिन’ हे वेगळे औषध आहे. त्याचे संरक्षण काही आठवडेच टिकते आणि क्वचित घोडीच्या यकृताला गंभीर इजाही होते.

रेबीजची मृत लस (निष्क्रिय केलेल्या विषाणूची) द्यायची की नाही, हे वस्तीतील मोकाट कुत्री पाहून आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. गर्भपात घडवणाऱ्या हर्पीस विषाणूची मृत लस पाचव्या, सातव्या व नवव्या महिन्यात देतात. घोडी एकटी असेल तर मी या लसीचा आग्रह धरणार नाही, पण बाजारातून नवी जनावरे येत-जात असतील तर अवश्य विचारावे.

शिंगराने दोन तासांत पिण्यास सुरुवात करावी. विण्याआधीच कासेतून चीक गळू लागला, तर तेवढी प्रतिपिंडे वाया गेली असे समजून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. अशा शिंगराच्या रक्तातील प्रतिपिंडे १८ ते २४ तासांच्या वयात तपासून घ्यावीत. ती कमी भरल्यास शिरेतून प्लाझ्मा (प्रतिपिंडे असलेला रक्तातील द्रव) देता येतो.